तक्रार न करणाऱ्या सरोजाक्का

सरोजाक्का नवऱ्याबद्दल कधी वाईट बोलायच्या नाहीत. आमच्या कामाच्या जागी ही नवलाची गोष्ट होती.

आमचं काम साड्यांच्या पदराला कुच्चू बांधायचं. कुच्चू म्हणजे गोंडे. बेंगळुरात सगळे कुच्चूच म्हणतात. चिकपेटच्या एका अरुंद गल्लीत साड्यांचं मोठं दुकान आहे. त्याच्या वरच्या माळ्यावर आम्ही बायका चटईवर ओळीनं बसायचो. मांडीवर साडी, दातात दोरा, आणि हात चालायचे. या कामात डोकं लागत नाही, म्हणून बोलणं सुटायचं. आणि बायकांचं बोलणं फिरून फिरून नवऱ्यावर यायचं.

शारदा निपाणीकडची. ती चप्पल काढता काढताच सुरू व्हायची. "काल काय केलं आमच्या शहाण्यानं, सांगू?" मग कुणाचा नवरा चिक्कू, कुणाचा आईचं ऐकणारा, कुणाचा मोबाईलमधून डोकं वर न काढणारा. हसायचो, चिडायचो, पदर पुरा व्हायचा. सरोजाक्का ऐकायच्या, हसायच्यासुद्धा. पण त्यांची पाळी आली की म्हणायच्या, "आमच्यात तसं काय नाही बा."

"काहीच नाही? राग नाही, भांडण नाही?" शारदा विचारायची.

"नाही ग. चांगला माणूस आहे."

"देवळात बसवा मग त्यांना. आम्ही येतो दर्शनाला."

"ये की. येताना स्वल्प नारळ आण."

असं म्हणून अक्का दोरा तोडायच्या. विषय तिथं संपायचा.

अक्का तेव्हा पन्नाशीच्या आसपास होत्या. बांधा ठेंगणा, नाकात दोन्हीकडं चमकी, केसांत रोज गजरा, आणि गजऱ्यातलं एक फूल काढून त्या सुयांच्या डब्यात ठेवायच्या. का ते कधी सांगितलं नाही. त्यांचं माहेर कितीतरी पिढ्यांपासून बेंगळुरातच. त्यांचं मराठी आम्हाला आधी कळायचं नाही. निम्मं कानडी असायचं, आणि उरलेलं जुन्या बायकांसारखं. मी खानापूरकडची, लग्न होऊन इकडं आले. माझं बोलणं मुळातच कमी. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. अक्का मला 'मुकी' म्हणायच्या, पण त्यात टोमणा नसायचा. माझं घर त्यांच्या घराच्या पुढच्या स्टेशनाजवळ. म्हणून संध्याकाळी आम्ही दोघी बरोबर मेट्रोनं परतायचो.

पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी घाबरले. चिकपेटचं स्टेशन खोल जमिनीखाली आहे. आम्ही सरकत्या जिन्यानं खाली गेलो, गाडीत बसलो, दारं मिटली. गाडी बोगद्यात शिरली, आणि अक्का एकदम माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मुके, आमचा माणूस गाढव आहे गाढव."

कुणी ऐकलं का म्हणून मी आजूबाजूला पाहिलं.

"ओला टॉवेल रोज गादीवर टाकतो. रोज! सांगितलं की म्हणतो, वाळतोय ना. गादीवर टॉवेल वाळतो काय? आणि घोरतो तर असा, की शेजारच्या घरचं मांजर उठून जातं. आणि रागावला की बोलत नाही. दोन-दोन दिवस बोलत नाही. भिंतीशी संसार करायचा काय मी?"

त्या बोलत होत्या आणि मी मान हलवत होते. मार्केटचं स्टेशन गेलं. त्याच्या पुढं गाडी हळूहळू चढत जमिनीवर येते, खिडकीत उजेड येतो, झाडांचे शेंडे दिसतात. उजेड आला तशा अक्का सरळ बसल्या, पदर सारखा केला. "पुरे," म्हणाल्या. "उद्या भाजीला काय करणार तू?"

मग ते रोजचंच झालं. गाडी जमिनीखाली असेपर्यंत तक्रार, वर आली की बंद. एखाद दिवशी गाडी बोगद्यात थांबून राहायची. लोक कुरकुर करायचे, अक्का खूश व्हायच्या. "आज स्वल्प जास्त मिळालं," म्हणायच्या.

मी एकदाच विचारलं, "अक्का, माळ्यावर का सांगत नाही? सगळ्याच सांगतात की."

"सगळ्यांची लग्नं आईबापानं लावली," त्या म्हणाल्या. "नवरा वाईट निघाला तर दोष आईबापाला. माझा मी आणलाय. मला तक्रार करायची सोय नाही."

अक्कांचे नवरे नंजुंडप्पा बस चालवायचे. अक्का लग्नाआधी त्याच बसनं कामाला जायच्या आणि ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर बसायच्या. दोघांत काय बोलणं झालं, कसं झालं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. "आरशात दिसायचा," एवढंच म्हणाल्या. जात दुसरी, भाषा दुसरी, आणि अक्कांसाठी धाकट्या भावानं, गोविंदानं, एक स्थळ पाहून ठेवलेलं. वडील नव्हते. आई गप्प राहिली. गोविंदा म्हणाला, "तुला आज सांगून ठेवतो. रडत येशील." जिवाभावाची मैत्रीण होती, विमला. निदान ती तरी बाजूनं बोलेल असं अक्कांना वाटलं होतं. तर विमला म्हणाली, "एक वर्ष टिकलं तर माझं नाव विमला नाही." त्यानंतर अक्का तिला विमला म्हणत नसत. तिचा विषय निघाला की म्हणायच्या, "ती ग, नाव नसलेली."

माहेरानं अक्कांना तोडलं नव्हतं. ते अक्कांना जास्त लागायचं. "दार बंद केलं असतं तर मी पाठ फिरवली असती," त्या म्हणायच्या. "यांनी दार अर्धं उघडं ठेवलं. मी एकटी मावते त्यातून." गौरीला, बारशाला, वास्तुशांतीला अक्कांना बोलावणं यायचं. त्यांच्यातली रीत अशी, की छापलेल्या पत्रिकेला किंमत नाही. ज्यांच्याकडं कार्य ते जोडपं येणार, बाईला कुंकू लावणार आणि घरच्या पुरुषाच्या हातात अक्षता देणार. हातात अक्षता पडल्या तर बोलावणं. माहेरचे लोक नेमके नंजुंडप्पा कामावर असताना यायचे. अक्कांना कुंकू लावायचे. अक्षता डबीतच राहायच्या. बोलण्यात कुणी वाईट नसायचं. "जावईबापू नाहीत होय? बरं बरं, तू ये हं."

अक्का जायच्या. स्वयंपाकघरात राबायच्या, रांगोळी काढायच्या, वाढायला उभ्या राहायच्या. पंगतीला मात्र बसायच्या नाहीत. "घरून जेवून आले," म्हणायच्या. घरी येऊन नवऱ्याबरोबर जेवायच्या. इतक्या वर्षांत त्यांनी माहेरचं पाणी आणि कॉफी याशिवाय काही घेतलं नाही, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नाही, असं त्या सांगायच्या. आईच्या लक्षात आलं असावं असं मला वाटतं.

मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःखसुद्धा त्यांनी कुणाजवळ काढलं नाही. माहेरी कुणीतरी हळू आवाजात म्हणालं होतं, "घरच्यांच्या मनाविरुद्ध केलं की असं होतं." अक्का तिथं हसून कॉफीचे पेले विसळत राहिल्या.

मग नंजुंडप्पांची नजर कमी झाली. ड्रायव्हरकीवरून काढून त्यांना डेपोत बसायचं काम दिलं. ज्या माणसानं जन्मभर बस चालवली तो दिवसभर खुर्चीवर बसून यायचा. घरी बोलणं बंद झालं. आधी दोन दिवस, मग आठवडा. बोललेच तर लागेल असं. एकदा म्हणाले, "तुझ्या लोकांनी मला कधी माणूस धरलं नाही. आता तर मी ड्रायव्हरही नाही."

त्या दिवसांत अक्कांची तक्रार बदलली. टॉवेल आणि घोरणं गेलं. एका संध्याकाळी गाडी बोगद्यात शिरली तरी त्या बोलल्या नाहीत. मार्केट गेलं. गाडी वर आली, उजेड आला, आणि तेव्हा त्यांनी बोलायला सुरुवात केली. तेव्हाच मला कळलं की हे नेहमीचं नाही.

"मुके, मला आईकडे जायचंय. चार दिवस. नुसतं जाऊन झोपायचंय."

"जावा की अक्का."

"कशी जाऊ? दारात पिशवी दिसली की गोविंदा समजणार. तो काही बोलणार नाही. नुसता बायकोकडं बघणार. ते बघणं मला नको." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "दुसरी कुणी असती तर रागानं माहेरी गेली असती. चार दिवसांनी नवरा घ्यायला आला असता. संपलं. मी गेले तर ते भांडण राहात नाही ग, निकाल होतो."

त्यांचं स्टेशन आलं. त्या उतरल्या, म्हणून मीही उतरले. फलाटावरच्या बाकड्यावर बसलो. गाड्या येत होत्या, जात होत्या. त्या म्हणाल्या, "एक विचारू? मला तो हवाय म्हणून मी राहिले, की लोकांनी नको म्हटलं म्हणून राहिले? पहिल्यांदा माहीत होतं. आता कळत नाही."

मी त्यांच्या हातातली डब्याची पिशवी घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली. थोड्या वेळानं त्या उठल्या. "सरी, चला. चपात्या करायच्यात," म्हणाल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी माळ्यावर शारदानं विचारलं, "काय म्हणतात आमचे देव?" अक्का म्हणाल्या, "मजेत."

त्यानंतर काही महिन्यांनी गोविंदाच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नसराईत आमच्याकडं काम फार असतं. सुट्टीच्या दिवशी साड्या घरी आणून बांधाव्या लागतात. तशी मी एका रविवारी अक्कांच्या घरी कोपऱ्यात साडी घेऊन बसले होते. नंजुंडप्पांना रविवारीही डेपोत जावं लागायचं, दुपारी घरी यायचे. अकराच्या सुमाराला गोविंदा आणि त्याची बायको आली. अक्का तिला वैनी म्हणायच्या. गोविंदा अंगानं भरलेला, पांढरा शर्ट, हातात चांदीची डबी.

"भावजी नाहीत वाटतं?" त्यानं दारातूनच विचारलं.

"येतील की. बसा."

वैनींनी अक्कांना कुंकू लावलं. अक्कांनी कॉफी दिली. कॉफी झाली तशी दोघं उठायला लागली. अक्का म्हणाल्या, "उप्पीट टाकलंय. पहिल्या मुलीचं लग्न, तोंड गोड न करता जाणार? शिरा पण टाकते." उप्पीट झालं, शिरा झाला. गोविंदा घड्याळ बघायला लागला. अक्कांनी लग्नाच्या साड्यांचा विषय काढला. कुठला कुच्चू बांधायचा, मण्यांचा की साधा, मला सांगून एकेक पदर दाखवायला लावला. वैनी गुंतल्या. गोविंदा उठून दारापाशी गेला, परत आला.

"अक्का, अजून सहा घरं आहेत."

"त्या घरी जेवायला वाढणार काय? मी भात लावलाय."

"अग, भात कशाला!"

"कुकर चढला. आता काय उतरवू?"

मी मान खाली घालून गाठी मारत होते. माझ्या लक्षात यायला लागलं होतं. मला वाटतं वैनींच्याही लक्षात आलं होतं. त्या नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, "बसू या की. वास छान येतोय."

कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत चपलांचा आवाज आला. नंजुंडप्पा आत आले. उंच माणूस, जाड भिंगाचा चष्मा, खाकी शर्ट. दारात दोन माणसं बघून थबकले. मग म्हणाले, "बन्नी, बन्नी, या," आणि पाय धुवायला मागं गेले. परत येऊन खुर्चीच्या टोकावर बसले. त्या घरात गोविंदा आणि ते पहिल्यांदा समोरासमोर बसले होते.

गोविंदा उठला. डबी उघडली. आता हातात द्यायच्या की नाही, हे त्याला ठरवता येईना. त्यानं चिमूटभर अक्षता काढल्या आणि समोरच्या स्टुलावर कागदाच्या तुकड्यावर ठेवल्या. कुणालाच दिल्या नाहीत. "येणं करा," असं कॅलेंडरकडं बघून म्हणाला आणि चप्पल घालायला दाराशी वाकला.

नंजुंडप्पांनी स्टुलाकडं बघितलं. उठले. त्या अक्षता उचलल्या आणि वाकलेल्या गोविंदाच्या डोक्यावर टाकल्या. उरलेल्या वैनींच्या डोक्यावर. डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हणाले, "ओळ्ळेदागलि. तुमचं भलं होवो. मुलगी सुखात राहो."

बोलावण्याच्या अक्षता हातात घ्यायच्या असतात. डोक्यावर टाकायच्या त्या आशीर्वादाच्या. पण डोक्यावर अक्षता पडल्या की आमच्या बायकांचे हात आपोआप पायाकडं जातात. वैनी झटकन वाकल्या आणि नंजुंडप्पांच्या पायाला हात लावून मोकळ्या झाल्या. बायकोनं नमस्कार केला, आता गोविंदा कसा ताठ उभा राहणार? एक पाय चपलेत, एक बाहेर, तसाच तो वाकला.

उभा राहिला तेव्हा त्याचं तोंड लाल झालं होतं. केसांत तांदूळ होते. म्हणाला, "भावजी, तुम्ही पण या. दोघंही या."

"बरतीवी," नंजुंडप्पा म्हणाले. येतो.

भात कुणी खाल्ला नाही. ते जिना उतरत होते तेव्हा वैनींचं बोलणं ऐकू आलं. "आशीर्वाद घेतल्यावर बोलावणं नको काय? लोक काय म्हणतील?"

अक्का स्वयंपाकघरात गेल्या आणि पदर तोंडात कोंबून हसल्या. हसता हसता डोळे पुसले. बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, त्या बोलावण्याच्या अक्षता होत्या!"

"हौदा? होय का?" नंजुंडप्पा चष्मा पुसत म्हणाले. "मला काय ठाऊक तुमच्यातलं."

दुसऱ्या दिवशी गाडी बोगद्यात शिरल्यावर अक्का म्हणाल्या, "आमच्या माणसानं त्याच्या सख्ख्या बहिणीच्या लग्नाच्या अक्षता स्वतः घरोघर दिल्यात. हातात दिल्यात. मी बरोबर होते." मग म्हणाल्या, "विचारलं तर म्हणतो, स्वल्प चूक झाली."

लग्नाला अक्कांनी मलाही नेलं. मी भिंतीजवळची खुर्ची धरली. नंजुंडप्पा पुरुषांच्या पंगतीत इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. त्यांच्या शेजारी कुणी म्हातारा बस कुठल्या रस्त्यानं जायची ते विचारत होता आणि ते हातांनी वळणं दाखवत होते. अक्का त्या दिवशी माहेरच्या पंगतीत पहिल्यांदा जेवल्या. त्यांच्या आईनं आपली व्हीलचेअर लेकीच्या पानाजवळ आणायला लावली आणि अक्का जेवेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

जेवण झाल्यावर बायका पंख्याखाली घोळका करून बसल्या. पानं लावणं चाललं होतं. वैनी गोविंदाबद्दल काहीतरी कुरकुरत होत्या. तेवढ्यात अक्कांचा आवाज आला. चांगला मोठा आवाज.

"तुमचा बरा म्हणायचा वैनी. आमचा माणूस ओला टॉवेल रोज गादीवर टाकतो!"

मी दचकून इकडंतिकडं पाहिलं. हॉलमध्ये लख्ख दिवे होते.

"आणि घोरणं? शेजारचं मांजर उठून जातं. रागावला की बोलत नाही. दोन दोन दिवस! भिंतीशी संसार करते मी, भिंतीशी."

एकेक शब्द मला पाठ होता. बायका हसत होत्या. एक जाडजूड बाई म्हणाली, "अग सरोजा, मग टिकलं कसं इतकी वर्षं?"

अक्कांनी तिच्याकडं वळून बघितलं. "तूच सांग. आणि तुझं नाव काय ग आता?"

विमला तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मग अक्काही हसल्या. आई व्हीलचेअरमधून म्हणाल्या, "तुझे वडील पण तसेच होते. टॉवेल."

त्यानंतर मेट्रोत अक्कांची तक्रार कमी झाली. गाडी बोगद्यात शिरायची आणि त्या फोन काढून बसायच्या. खाली फोन नीट लागत नाही, म्हणून वर आल्यावर लावायच्या. "हॅलो वैनी, ऐका आज काय केलं यांनी." मी खिडकीतून झाडं बघत असायची. नंजुंडप्पांचा स्वभाव बदलला नव्हता. टॉवेल गादीवरच होता. पण भांडण झालं की अक्का रागानं सरळ माहेरी जायच्या, दोन दिवस राहून यायच्या. नंजुंडप्पा घ्यायला जायचे आणि सासूजवळ बसून जेवून यायचे. पुढं अक्कांची बोटं आखडायला लागली, गाठी सुटायला लागल्या, आणि त्यांनी काम सोडलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते चिकपेटच्या स्टेशनात. मी काम संपवून सरकत्या जिन्यानं खाली चालले होते, त्या शेजारच्या जिन्यानं वर येत होत्या. बरोबर वैनी. एक पायरी मागं नंजुंडप्पा, दोन्ही हातांत पिशव्या.

"बघा वैनी, इतकं सांगितलं छत्री घ्या, घेतली? पिशवी धरायची तर ती पण वाकडी. माणूस आहे की काय आहे!"

आसपासचे लोक वळून बघत होते. नंजुंडप्पांनी पिशवी सरळ धरली. चारचौघांत बोलणी खाणाऱ्या माणसाचा चेहरा पडतो. यांचा पडला नव्हता. उलट ते थोडे मान वर करून उभे होते, एखाद्याला सगळ्यांसमोर नावानं हाक मारल्यासारखे.

अक्कांनी मला पाहिलं. "मुके!" म्हणून हात वर केला. मीही केला. काही बोलायचं मनात आलं, पण तोवर जिना त्यांना वर आणि मला खाली घेऊन गेला. वरून त्यांचा आवाज मात्र बराच वेळ येत राहिला. टॉवेलचं चाललं होतं.